घरट्याची राखण

फेब्रुवारीत पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळांवर गवत पिवळं पडतं, बाभळी-हिवरांची सावली विरळ होते आणि शिकारी पक्ष्यांची वीण भरात येते. त्याच सुमारास एखाद्या शनिवारी रात्री व्हॉट्सॲपच्या कुठल्यातरी ग्रुपवर एक लोकेशन पडतं. रविवारी उजाडायच्या आत त्या एका बाभळीभोवती पाच-सहा गाड्या उभ्या असतात. दुपारपर्यंत छायाचित्रं फिरायला लागतात. गरुडाची मादी, तिच्या पायाशी पांढरं लोकरी पिल्लू आणि खाली ओळ, 'आईची माया'. हजारो लोक ती पाहतात, कौतुक करतात. पुढच्या रविवारी गाड्या दुप्पट होतात.

हे थांबलं पाहिजे. शिकारी पक्ष्याचं पिल्लं वाढवणारं घरटं हा हौशी छायाचित्रणाचा विषय राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या घरट्यासमोर थांबायचा हक्क दोघांनाच आहे. एक, त्याची राखण करणाऱ्याला आणि दुसरा, त्याची शिस्तीने नोंद ठेवणाऱ्याला. त्या दोघांनीही अंतर राखूनच थांबायचं. महागडी लेन्स हातात आहे एवढ्याने तो हक्क मिळत नाही. पक्ष्यांवर मनापासून प्रेम आहे, एवढ्यानेही मिळत नाही.

हे मत कडक वाटेल. पण या पक्ष्यांचा हिशेबच कडक आहे. सापमार गरुड वर्षाला एकच अंडं घालतो. ते दीड महिना उबवायचं आणि मग पिल्लू उडेपर्यंत आणखी दोन-सव्वादोन महिने त्याला सांभाळायचं. त्याला पुरेल एवढी साप-सरड्यांची आवक वर्षातल्या याच दिवसांत असते. घरटं बिनसलं की त्या जोडीचं ते वर्ष बहुधा वायाच गेलं. बुलबुलासारखी लगेच दुसरी वीण काढायची सोय त्यांना नाही. गिधाडांचंही तसंच. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने त्यांचा संहार केला, 2006 मध्ये भारताने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, तरी संख्या भरून यायला तयार नाही. वर्षाला एका अंड्यावर पुन्हा उभं राहायचं तर किती वर्षं लागतील?

घरटं दुरून, रस्त्याकडेला उभ्या गाडीतून, स्पॉटिंग स्कोप लावून पाहता येतं. सापमाराचा नर साप पायांत धरून आणण्याऐवजी बहुतेक वेळा गिळूनच आणतो. चोचीबाहेर फक्त शेपटीचं टोक लोंबत असतं. तो घरट्याच्या काठावर उतरतो, मान पुढे करतो आणि पिल्लू ते टोक चोचीत धरून मागे मागे सरकत ओढायला लागतं. साप वीत वीत बाहेर येतो. मध्येच पिल्लाची पकड सुटते, ते मागच्या काटक्यांवर बसकण मारतं आणि उठून पुन्हा टोक धरतं. साप पूर्ण बाहेर आला की तोच साप ते डोक्याकडून गिळायला घेतं. काही मिनिटांत सगळं आटोपतं आणि नर निघून जातो.

पुढचे कितीतरी तास काहीच घडत नाही. छायाचित्रकाराच्या दृष्टीने तो वेळ फुकट गेलेला असतो. पिल्लाचा जीव मात्र त्याच वेळात टिकतो. मादी उन्हाकडे पाठ करून, पंख थोडे सोडून उभी असते आणि सूर्य सरकेल तशी घरट्यात सरकत राहते. तिची सावली पिल्लावरच पडली पाहिजे. सापमाराचं घरटं बाभळीच्या शेंड्यावर, वरून उघडं असतं. लोकरीतल्या पिल्लाला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. मार्चच्या दुपारी मादीला अर्धा तास उठून जावं लागलं, तर त्या पिल्लाला आडोसा कशाचाच राहत नाही. मादीला उठवणारा माणूस घरट्याला हातही लावत नाही, झाडावरही चढत नाही. तो फक्त आणखी वीस पावलं पुढे येतो.

घरट्यावरची जी छायाचित्रं आपण वाखाणतो, ती एकदा पक्ष्याच्या बाजूने बघा. शृंगी घुबडाची वीण ओढ्याच्या काठावर, खाणीच्या कपारीत, कधी उघड्या जमिनीवरच होते. तिथलं पिल्लू पिसं फुलवून, दोन्ही पंख गोल उघडून, नारिंगी डोळे वटारून आपल्याकडे बघतंय, ही चौकट फार लोकप्रिय आहे. पण ती त्या पिल्लाची धमकावणी आहे. उडता येत नाही, पळायला वाट नाही, समोर मोठा प्राणी आलाय, तेव्हा ते स्वतःला होईल तेवढं मोठं दाखवतं आणि चोच वाजवतं. भेदरलेल्या पिल्लाच्या त्या चित्राला आपण 'रुबाब' म्हणतो. मादी थेट लेन्समध्ये बघतेय, 'नजरेला नजर' भिडलीय, म्हणजे तिने हातातलं काम सोडून तुमच्यावर लक्ष ठेवलंय. घरटं आडकाठीशिवाय स्वच्छ दिसतंय, एकही फांदी मध्ये नाही, तेव्हा ती फांदी कुणी मोडली हे विचारलं पाहिजे. त्या फांदीच्या आडोशाने ते घरटं कावळ्यांपासून लपलेलं होतं. चोचीत भक्ष्य घेऊन आकाशात गिरक्या घेणारा नर छायाचित्रात देखणा दिसतो. पण तो गिरक्या घेतोय, कारण खाली माणसं आहेत आणि त्याला उतरता येत नाही.

पिल्लू मोठं झालं की धोका वेगळं रूप घेतो. उडायला आठवडा-पंधरा दिवस राहिलेलं पिल्लू माणूस जवळ आला की घाबरून घरट्याबाहेर उडी टाकतं. पंख अजून तयार नसतात. ते खाली येतं आणि रात्री माळावर कुत्री फिरतात. मग कोणीतरी ते उचलून 'वाचवतो' आणि त्याचंही छायाचित्र येतं.

यावर हमखास उत्तर मिळतं, 'आम्ही होतो तरी पक्षी हललाच नाही, त्याला आमची सवय झाली होती.' एरवी दोनशे पावलांवरून उडून जाणारा गरुड घरट्यावर चाळीस पावलांवरही बसून राहतो, हे खरं आहे. त्याने माणसाला स्वीकारलं, असा त्याचा अर्थ काढणं चूक आहे. उडून गेलं तर अंडं उघडं पडतं, बसून राहिलं तर माणूस जवळ येतो. दोन धोक्यांतला एक त्याला निवडावाच लागतो, आणि गुंतवणूक जितकी जास्त झालेली, तितका तो बसून राहतो. म्हणजे विणीच्या हंगामात तो जवळून 'मिळतो', तो निव्वळ नाइलाजाने. त्याच्या नाइलाजावर आपली छायाचित्रं उभी आहेत.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. त्याच माळावरून धनगर रोज दोन वेळा मेंढरं घेऊन जातो. त्याची कुत्री असतात, आरोळ्या असतात. पक्षी त्याला सोसतो, मग आम्हालाच का मज्जाव? कारण धनगर थांबत नाही. त्याची नजर मेंढरांवर असते, वाट ठरलेली असते, वेळही ठरलेली असते. तो घरट्याच्या बाजूने जातो आणि निघून जातो. आपण थेट घरट्याच्या रोखाने चालतो, थबकतो, टक लावतो, वाकतो, आणखी जवळ सरकतो. दबा धरणारा प्राणी नेमका असाच वागतो. पक्ष्याला भक्षक ओळखण्याची दृष्टी उपजत आहे आणि या बाबतीत ती आपल्याबद्दल फारशी चुकत नाही.

पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवातच घरट्यापासून झाली. 1892 मध्ये लंडनच्या उत्तरेला एनफिल्डजवळ रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी एका कस्तुराच्या घरट्याचं अंड्यांसह छायाचित्र घेतलं आणि तीन वर्षांनी ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचं त्यांचं सचित्र पुस्तक आलं. त्या काळी पक्ष्यांची आवड म्हणजे अंडी गोळा करण्याची आवड. श्रीमंतांच्या घरी कापसाच्या गादीवर अंड्यांचे खण भरलेले असत. आपल्याकडे ॲलन ह्यूम यांनी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर ग्रंथ लिहिला तो अशाच संग्रहांच्या जोरावर. अंडं न उचलता घरी नेता येतं हे कर्टन भावांनी दाखवलं. कॅमेरा त्या काळी अंडीचोरीवरचा उतारा होता. त्याबद्दल या माध्यमाचे उपकार मानलेच पाहिजेत.

पण त्या जुन्या हौशीतलं बरंच काही कॅमेऱ्याबरोबर पुढे आलं. दुर्मीळ जातीचं घरटं 'आपल्याकडे' असावं, इतरांच्या आधी असावं, यादी पुरी व्हावी, ही ओढ तीच आहे. फरक पडला तो संख्येत. अंडी गोळा करणारे मूठभर होते. आज चारशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्सा कितीतरी हातांत आहेत आणि लोकेशन एका बोटाने शंभर जणांना जातं.

एका बाबतीत तर जुने संग्राहक आपल्यापेक्षा पुढे होते. ते अंड्यावर तारीख आणि ठिकाण लिहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधले पेरेग्रिन ससाणे झपाट्याने कमी होऊ लागले. तेव्हा तिथले पक्षिअभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतली जुनी-नवी अंडी तपासली आणि 1967 मध्ये दाखवून दिलं, की 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवचं पातळ झाली आहेत. डीडीटी या कीटकनाशकाचा तो परिणाम होता. नोंदी होत्या म्हणून चोरीच्या अंड्यांनीही साक्ष दिली. आपल्या हार्ड डिस्कवरच्या घरट्यांच्या हजारो छायाचित्रांमधून असा एखादा प्रश्न सुटेल का? अंडं कधी घातलं, पिल्लू कधी उडालं, उडालं तरी का, यातलं काहीच त्यांत नसतं. छायाचित्र मिळालं की माणूस त्या घरट्याकडे परत फिरकत नाही, आणि पुढे काय झालं ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

याउलट पक्षिअभ्यासक व्हॅलेरी गार्गेट यांनी आफ्रिकेत, आजच्या झिम्बाब्वेतल्या मटोबो टेकड्यांमध्ये, व्हेरोच्या काळ्या गरुडांची घरटी वर्षानुवर्षं पाहिली. हा गरुड दोन अंडी घालतो, पिल्लं काही दिवसांच्या अंतराने बाहेर येतात, आणि थोरलं धाकट्याला टोचून मारतं. एका घरट्यात थोरल्याने धाकट्याला तीन दिवसांत 1569 टोचा मारल्याची त्यांची नोंद आहे. आई तिथेच असते आणि मध्ये पडत नाही. दुसरं अंडं तिने पहिलं वाया गेलं तर म्हणून घातलेलं असतं. 'आईची माया' या ओळीत हे सगळं कुठे बसतं? निरीक्षणाला संयम लागतो, आणि त्याहून जास्त, जे दिसेल ते सोसायची तयारी लागते. ती नसली की माणूस हात घालतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या वन्यजीव खात्याने गरुडाच्या घरट्यावर कॅमेरा लावून ते दृश्य लोकांना घरबसल्या दाखवलं. 2014 मध्ये त्यातलं एक पिल्लू अडचणीत दिसलं आणि लोकांच्या दबावामुळे खात्याला ते काढावं लागलं. त्याचा पंख मोडला होता, त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. तरीही असा कॅमेरा मी माणसांच्या गर्दीपेक्षा चांगला मानतो. तो वीण सुरू व्हायच्या आधी बसवला जातो आणि मग तिथे कोणी जात नाही.

आपला कायदा या बाबतीत अजिबात मोघम नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हेसुद्धा येतं. बंदूक असो वा कॅमेरा, कायदा कृती बघतो. शिकारी पक्ष्यांच्या कितीतरी जाती पहिल्या अनुसूचीत आहेत आणि तिथल्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद सांगितली आहे. ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्यानुसार सोनेरी गरुडासारख्या जातींच्या घरट्यावर छायाचित्रणामुळे त्रास होण्याची शक्यता असेल, तर आधी परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे असा परवाना मागण्याची रीतच पडलेली नाही, आणि नियम ठाऊक असलेले अनुभवी लोकही गप्प राहतात. मला ही गप्प राहण्याची सवय जास्त खटकते.

मग घरट्याकडे कोणी फिरकूच नये का? इतकं टोक मी गाठणार नाही. ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी आपल्याकडे हिवाळ्यात उजनीसारख्या जलाशयांवर येतो. ब्रिटनमधून तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वीण करणारा पक्षी म्हणून संपला होता. 1954 पासून स्कॉटलंडमध्ये लॉक गार्टनच्या परिसरात पुन्हा एक जोडी दिसू लागली. घरटं गुप्त ठेवलं गेलं, पहारा ठेवला गेला. तरी 1958 मध्ये एका रात्री चोराने अंडी पळवली आणि त्यांच्या जागी बुटाचं पॉलिश फासलेली कोंबडीची अंडी ठेवली. पुढच्या वर्षी आरएसपीबी या संस्थेच्या जॉर्ज वॉटरस्टन यांनी उलटा निर्णय घेतला. घरट्यापासून लांब एक ठरलेली जागा बांधायची, तिथे दुर्बिणी लावायच्या आणि सगळ्या जगाला बघायला बोलवायचं. घरट्यावर रात्रंदिवस पहारा होताच. त्या उन्हाळ्यात सुमारे 14,000 माणसं आली, आणि तीन पिल्लं उडाली. गर्दीचीच राखण झाली, कारण अंतर ठरलेलं होतं आणि ते ओलांडायची मुभा कोणालाच नव्हती.

आपल्या कोकणातलं उदाहरण मला त्याहून जवळचं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने किनाऱ्यावरच्या समुद्रगरुडांची पाहणी हाती घेतली. हे पक्षी वर्षानुवर्षं त्याच झाडावरचं घरटं डागडुजी करून वापरतात, त्यामुळे गावकऱ्यांना झाड ठाऊक असतं. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून घरटी नोंदवत होते. त्याच पाहणीत 2002 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना समुद्री कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि कोकणातल्या कासव संरक्षणाला सुरुवात झाली. गरुडाच्या घरट्यासाठी निघालेली माणसं कासवापाशी पोहोचली. एक मनासारखी चौकट मिळाली की परतायचं, असं ठरवून ती गेली नव्हती. सगळा किनारा बघत होती, लोकांशी बोलत होती, म्हणून वाळूतली टरफलं त्यांना दिसली.

'माळच उरले नाहीत, तिथे चार छायाचित्रकारांचं काय घेऊन बसलात?' असंही ऐकवलं जातं. यात तथ्य आहे. सरकारी कागदांवर गवताळ माळ बहुधा 'पडीक जमीन' असतो. तिथे खाणी होतात, प्लॉट पडतात, सौर प्रकल्प येतात, वनीकरणाच्या नावाने गवतात चर खणून झाडं लावली जातात, उन्हाळ्यात वणवे लावले जातात. एका नांगराने जेवढी घरटी जातात, तेवढी कॅमेऱ्याने जात नसतील. पण म्हणूनच मी म्हणतो, की त्या माळाला साक्षीदार हवेत. एकाच घरट्याची दहा वर्षांची नोंद, अंडं कधी, पिल्लू कधी, उडालं की नाही, असा कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा वन विभागाच्या टेबलावर ठेवता येतो. 'ही पडीक जमीन नाही, इथे गरुड वाढतो' हे त्या कागदाने सांगता येतं. दहा हजार लाइक मिळालेल्या छायाचित्राने अजून कुठली खाण थांबल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ज्या माळावरून आपण छायाचित्रं नेली, तो विकला गेला तेव्हा आपल्यातले किती जण तिथे उभे होते?

घरटी दाखवून चार पैसे मिळवणाऱ्या गावातल्या पोरांवर याचं खापर फोडणं मला मान्य नाही. माळाची जेवढी माहिती त्यांना आहे तेवढी आपल्याला नाही आणि रोजगार त्यांना हवाच आहे. त्यांना पैसे घरटं दाखवायचे मिळतात, म्हणून ते दाखवतात. राखायचे मिळाले तर राखतील. अरुणाचलमधल्या पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात 2011 पासून धनेशाच्या घरट्यांसाठी हेच सुरू आहे. शहरातली माणसं घरटं दत्तक घेतात, पैसे देतात आणि स्थानिक न्यिशी माणसं ते घरटं पिल्लू बाहेर पडेपर्यंत सांभाळतात. दर रविवारी गाड्यांच्या पेट्रोलवर जेवढं जातं, तेवढ्यात महाराष्ट्रातल्या एखाद्या माळावर एक राखणदार पूर्ण हंगामभर ठेवता येईल.

छायाचित्रं मलाही हवीत. पिल्लू उडायला लागलं की पुढचे कित्येक आठवडे ते आईबापांच्या मागे माळावर ओरडत फिरतं, शिकारीचे कच्चे प्रयत्न करतं, वाऱ्यावर स्थिर राहायला शिकतं. तेव्हा त्याला पंख असतात, आणि तुम्ही नकोसे झालात तर ते उडून जाऊ शकतं. तेव्हा काढा.

भारतातल्या काही छायाचित्र स्पर्धांनी घरट्यावरची छायाचित्रं नाकारायला सुरुवात केली आहे. मराठी दिवाळी अंकांच्या संपादकांनी, दैनिकांच्या पुरवण्या बघणाऱ्यांनी आणि गावोगावच्या स्पर्धांच्या परीक्षकांनीही ती नाकारावीत, अशी माझी विनंती आहे. आणि वाचकहो, या हंगामात कुणी तुम्हाला गरुडाच्या घरट्याचं लोकेशन पाठवलं, तर ते पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला फोन करा आणि विचारा, त्या घरट्याची राखण कोण करतंय.